नवीन कॉम्प्युटरवर जुनं फोल्डर सापडत नाही? फाइलच्या आधी तिचा पत्ता शोधा



"सर, डेस्कटॉपवर काहीच नाही दिसून राहिलं. पूर्ण साफ!" कॉम्प्युटर बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी येणारा फोन साधारण असाच असतो. आणि सध्या हे फोन वाढलेत, त्याला कारण आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. आपल्या भागातल्या बऱ्याच दुकानांत आणि ऑफिसांत अजून सहावी-सातवी पिढीची मशीनं आहेत. त्यावर विंडोज 11 सरळ मार्गाने चढत नाही, टीपीएम 2.0 आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मग कोणी नवीन मशीन घेतलं, कोणी हार्ड डिस्क बदलून घेतली, कोणी जुन्यावरच अपग्रेड मारलं. आणि फोल्डर गायब.

व्हिडिओत मी हे स्क्रीनवर दाखवलंय, पण तिथे हात भराभर चालतो. इथे सावकाश वाचा आणि कॉम्प्युटर समोर ठेवून एकेक करत जा.

प्रश्न फक्त फोटो किंवा गाण्यांचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. समजा मूल किंवा ब्रह्मपुरीला तुमची राईस मिल आहे. धान किती आलं, भरडाई किती झाली, तांदूळ किती परत गेला, हा सगळा हिशोब एक्सेलमध्ये आणि बिलं टॅलीत. जीएसटी कायद्यात वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने हिशोब सांभाळायला सांगितलंय. म्हणजे 2023-24 चं विवरणपत्र 31 डिसेंबर 2024 पर्यंत भरायचं होतं, तर त्या वर्षाची वही डिसेंबर 2030 संपेपर्यंत तुमच्याकडे पाहिजे. "मशीन बदललं तेव्हा गेलं" हे उत्तर तिथे चालत नाही.

किंवा धानोरा, कोरची, एटापल्लीकडची एखादी ग्रामसभा घ्या. मेंढा (लेखा) ला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, त्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करायला लागल्या. फळीवर 70 पानांचा पुडा मोजला जातो, कोणत्या घराने किती पुडे दिले ते वहीत चढतं, वहीतून एक्सेलमध्ये. मजुरी त्यावर, बोनस त्यावर. ती फाइल हरवली तर कोणाचे किती पैसे निघतात यावर गावात भांडण लागतं. त्यामुळे खालचं घाईने वाचू नका.

फाइल वेगळी, पत्ता वेगळा

बल्लारपूरला राहणारा तुमचा मित्र राजुऱ्याला राहायला गेला. तुम्ही जुन्या घरी गेलात, दाराला कुलूप. म्हणजे मित्र या जगात नाही असं आपण म्हणतो का? पण कॉम्प्युटरच्या बाबतीत आपण नेमकं तेच म्हणतो.

प्रत्येक फाइलला पूर्ण पत्ता असतो. आधी ड्राइव्हचं अक्षर, मग फोल्डर, त्यात फोल्डर, शेवटी फाइलचं नाव. यालाच पाथ म्हणतात. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट, एक्सेलची दुसऱ्या फाइलशी असलेली लिंक, टॅलीचा डेटा पाथ, वर्डमधलं मेल मर्ज, हे सगळे हा पत्ता पाठ करून बसलेले असतात. पत्त्यातलं एक अक्षर बदललं तरी त्यांच्या दृष्टीने फाइल नाही. अपग्रेडमध्ये बहुतेक वेळा हेच होतं: फाइल असते, पत्ता बदललेला असतो.

म्हणून तुटलेला शॉर्टकट रागाने डिलीट करू नका. जुना पत्ता सांगणारा साक्षीदार तोच आहे. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि "टार्गेट" समोर काय लिहिलंय ते कागदावर उतरवा. एक्सेल उघडून फाइल, ओपन, रिसेंट इथे गेलात तर तिथेही प्रत्येक नावाखाली जुना पाथ दिसतो. हा कागद हातात असला की अर्धं काम झालं, कारण आता तुम्ही अंधारात शोधत नाही. फाइल आधी कुठे राहायची हे तुम्हाला माहीत आहे.

पहिला अर्धा तास: हात आवरा

बहुतेक वेळा फाइल असते म्हटलं, पण दर वेळी नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 चं 1809 नावाचं अपडेट आलं. 2 तारखेला सोडलं आणि चार दिवसांत थांबवावं लागलं, कारण काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइल खरोखर पुसल्या गेल्या. ज्यांनी डॉक्युमेंट्स फोल्डर सी ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर वळवलं होतं, पण जुन्या जागी काही फाइल तशाच राहिल्या होत्या, त्यांचं जुनं फोल्डर अपडेटने "रिकामं डुप्लिकेट" समजून उडवलं. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार असा अनुभव दहा हजारांत एकाला आला. दुरुस्त केलेलं अपडेट 13 नोव्हेंबरला परत आलं. त्या वेळी ज्यांच्या फाइल गेल्या त्यांना दिलेला सल्ला होता की तो कॉम्प्युटर कमीत कमी वापरा.

तो सल्ला आजही पहिला. पुसलेली फाइल डिस्कवर काही काळ तशीच पडून असते, तिची जागा फक्त "मोकळी" म्हणून लिहिलेली असते. तुम्ही त्यावर नवीन सॉफ्टवेअर टाकलं, पिक्चर कॉपी केला, की ती जागा भरते. एसएसडी असेल तर तेवढी सवडही अनेकदा मिळत नाही. म्हणून फोल्डर दिसलं नाही की लगेच "क्लीनर" टाइप सॉफ्टवेअर चालवणं, डिस्क क्लीनअप मारणं, किंवा "एकदा फॉरमॅट मारून पाहू" हे अजिबात नाही. यूट्यूबवर पाहून रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल करणं तर त्याहून वाईट.

दुसरी गोष्ट लगेच तपासायची: तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये तर नाही ना? कधीकधी अपडेटनंतर विंडोजला तुमचं प्रोफाइल उघडता येत नाही आणि ते एक कोरं, कामचलाऊ प्रोफाइल देतं. वॉलपेपर बदललेला, डेस्कटॉप रिकामा, कोपऱ्यात "टेम्पररी प्रोफाइल" असा मेसेज. सी ड्राइव्हमध्ये युजर्स फोल्डर उघडून पाहा, तुमचं जुनं नाव तिथे असेल आणि शेजारी टेम्प नावाचं फोल्डर असेल तर हाच प्रकार. इथला धोका मोठा आहे. या अवस्थेत तुम्ही दिवसभर बिलं बनवून डेस्कटॉपवर सेव्ह केली, तर साइन आउट करताच ती जातात. काही बनवलं असेलच तर आधी पेन ड्राइव्हवर घ्या, मग मशीन रीस्टार्ट करा. एक-दोनदा रीस्टार्ट करून अनेकदा जुनं प्रोफाइल परत येतं. नाही आलं तर रजिस्ट्रीत हात घालावा लागतो, ते जाणकाराकडूनच करून घ्या.

तिसरी गोष्ट तारखेची. विंडोज 10 वरून 11 वर त्याच मशीनवर अपग्रेड केलं असेल, तर सी ड्राइव्हमध्ये "विंडोज डॉट ओल्ड" नावाचं फोल्डर तयार होतं. जुनं विंडोज, त्यातले युजर्स, त्यांचे डेस्कटॉप, असं बरंच काही त्यात असतं. पण ते कायम राहत नाही. साधारण 10 दिवसांनी विंडोज ते आपोआप काढून टाकतं. तुम्ही अपग्रेड सोमवारी केलं आणि "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणालात, तर हातात फार दिवस उरत नाहीत. आत्ताच त्यातलं युजर्स फोल्डर एखाद्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवा. नंतर लागलं नाही तर काय बिघडलं? ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज टाकलं असेल तर मात्र हे फोल्डर मिळणार नाही, मग मदार जुन्या डिस्कवर किंवा बॅकअपवर.

वनड्राइव्ह: सगळ्यात जास्त गोंधळ इथेच

नवीन विंडोज 11 मशीन चालू करताना ते मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतं. दुकानदार घाईत असतो, मशीन आणून देणारा मुलगा आपला किंवा मालकाचा ईमेल टाकून "नेक्स्ट नेक्स्ट" करतो. त्यातच वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप चालू होतो. झालं! आता तुमचा डेस्कटॉप सी, युजर्स, तुमचं नाव, डेस्कटॉप इथे राहिलेला नाही. तो सी, युजर्स, तुमचं नाव, वनड्राइव्ह, डेस्कटॉप इथे गेला. मधे एक शब्द घुसला आणि जुने सगळे पत्ते चुकले.

शिवाय "तुमचं नाव"सुद्धा बदलतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप केलं की विंडोज युजर फोल्डरला ईमेलची पहिली पाच अक्षरं देतं. जुन्या मशीनवर तिथे "अॅडमिन" होतं, आता भलतंच काहीतरी. म्हणजे पत्ता दोन ठिकाणी बदलला.

पुढे काय होतं पाहा. कोणीतरी सांगतं, "वनड्राइव्ह बंद करून टाका, मशीन स्लो होते." तुम्ही बॅकअप थांबवता आणि डेस्कटॉप रिकामा! फाइल गेलेल्या नसतात, त्या वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये राहतात आणि डेस्कटॉप मात्र जुन्या जागी परत येतो. फाइल एक्सप्लोररमध्ये डावीकडे निळ्या ढगावर क्लिक करा, आत डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं दिसतील. तिथेच बहुतेक सगळं मिळतं.

ढग दिसला तरी आत काही नसेल, तर अकाउंट तपासा. जुन्या मशीनवर आधीच्या ऑपरेटरने स्वतःच्या ईमेलने साइन इन केलेलं असतं, तो वर्षापूर्वी काम सोडून नागपूरला गेलेला, आणि तुमच्या दुकानाचा हिशोब त्याच्या वनड्राइव्हमध्ये! हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण छोट्या ऑफिसांत हे सर्रास घडतं. त्याला फोन करा, गोडीने बोला.

आता आपल्या दोन जिल्ह्यांसाठी खास गोष्ट. वनड्राइव्ह जागा वाचवण्यासाठी फाइल फक्त इंटरनेटवर ठेवतं आणि कॉम्प्युटरवर तिचं नाव तेवढं दाखवतं. अशा फाइलसमोर पोकळ ढगाचं चिन्ह असतं. नेट असेपर्यंत फरक कळत नाही, क्लिक केलं की उघडते. पण पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचत आलोय. सिरोंचा, एटापल्लीकडे लाइन गेली की टॉवर जातो. त्या दिवशी ढगाचं चिन्ह असलेली फाइल उघडणार नाही, मग ती तुमच्याच डेस्कटॉपवर का दिसेना. उपाय सोपा आहे: कामाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" निवडा. सगळ्या फाइलवर भरीव हिरवी खूण येईपर्यंत नेट चालू ठेवा. हे जून लागायच्या आधी करा.

खात्री करायची असेल तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये "साइज" आणि "साइज ऑन डिस्क" दोन्ही पाहा. साइज 2 एमबी आणि डिस्कवर 0 बाइट्स लिहिलं असेल, तर ती फाइल तुमच्या मशीनवर नाही. जुनी हार्ड डिस्क काढून नवीनला जोडता तेव्हा अशा फाइल कॉपी होत नाहीत, एरर देतात. लोक म्हणतात डिस्क खराब झाली. डिस्क ठणठणीत असते, फाइल तिच्यावर कधी नव्हतीच.

आणि हो, फुकटचं वनड्राइव्ह फक्त 5 जीबी असतं. ते भरलं की नवीन फाइल वर जाणं थांबतं, पण डेस्कटॉपवर सगळं नेहमीसारखंच दिसतं. "माझं तर ऑनलाइन आहे" म्हणून जुनं मशीन विकण्याआधी ब्राउझरमधून वनड्राइव्ह उघडून शेवटची फाइल कोणत्या तारखेची आहे ते पाहून घ्या. चुकून डिलीट झालेलं तिथल्याच रिसायकल बिनमध्ये 30 दिवस असतं.

टॅलीचा डेटा मागेच राहतो

मशीन बदलताना लोक सी ड्राइव्हमधलं आपल्या नावाचं युजर फोल्डर कॉपी करतात आणि म्हणतात सगळं घेतलं. पण टॅलीप्राइमचा डेटा सहसा तिथे नसतो. तो असतो युजर्समधल्या "पब्लिक" फोल्डरमध्ये, टॅलीप्राइम, डेटा असा. जुन्या टॅली ईआरपी 9 चा डेटा कधी थेट सी ड्राइव्हवर टॅलीच्या फोल्डरमध्ये, कधी पब्लिकमध्येच. आत कंपनीच्या नावाचं काही दिसत नाही, नुसती 10000 सारख्या आकड्यांची फोल्डरं असतात. त्यामुळे पाहणाऱ्याला तो कचरा वाटतो. प्रत्येक आकडा म्हणजे तुमची एकेक कंपनी आहे.

जुन्या मशीनवर टॅलीत कंपनी निवडायच्या स्क्रीनवर डेटा पाथ लिहिलेला दिसतो. जुनं मशीन चालू होत असेल तर तो आधी वाचून घ्या. मग सगळ्या मशीनवर टॅली बंद करून ती आकड्यांची फोल्डरं जशीच्या तशी उचला, नाव बदलू नका. नवीनवर एफ3 दाबून "स्पेसिफाय पाथ" किंवा "सिलेक्ट फ्रॉम ड्राइव्ह" मधून ती जागा दाखवा. टॅलीची नवीन आवृत्ती जुना डेटा बदलून घेऊ का असं विचारेल. हो म्हणण्याआधी त्या फोल्डरची एक कॉपी वेगळी ठेवलेली असावी, कारण बदललेला डेटा जुन्या आवृत्तीत परत उघडेलच असं नाही.

टॅली उघडली, पण वर "एज्युकेशनल मोड" दिसतंय आणि ठराविक तारखांनाच एंट्री घेते? तो डेटाचा प्रश्न नाही, लायसन्सचा आहे. जुन्या मशीनवरून लायसन्स सरेंडर करून नवीनवर अॅक्टिव्हेट करावं लागतं. जुनं मशीन भंगारात देण्याआधी हे करा.

काहीच हरवलेलं दिसत नाही, तेव्हा जास्त जपा

फोल्डर गायब झालं की निदान कळतं तरी. एक्सेलची तुटलेली लिंक मात्र गपचूप बसते.

समजा ग्रामसभेच्या मुख्य फाइलमध्ये प्रत्येक फळीच्या फाइलमधून पुड्यांचा आकडा येतो. नवीन मशीनवर मुख्य फाइल उघडली की वर पट्टी येते: लिंक अपडेट करायच्या का? ऑपरेटर "डोन्ट अपडेट" दाबतो, किंवा अपडेट दाबतो आणि एक्सेलला फाइल सापडत नाही, तो कंटिन्यू करतो. समोर आकडे दिसतात, बेरीज बरोबर, सगळं व्यवस्थित. पण ते आकडे मागच्या वेळी लिंक चालू होती तेव्हाचे आहेत! त्यानंतर फळीच्या फाइलमध्ये कितीही पुडे चढवा, मुख्य फाइलला पत्ता नाही. त्या प्रिंटवरून मजुरी वाटली तर?

म्हणून नवीन मशीनवर पहिल्यांदा प्रत्येक महत्त्वाची एक्सेल फाइल उघडाल तेव्हा डेटा टॅबमध्ये "एडिट लिंक्स" (नवीन एक्सेलमध्ये त्याला "वर्कबुक लिंक्स" म्हणतात) उघडा. ज्या फाइलसमोर एरर आहे तिथे "चेंज सोर्स" करून नवीन जागा दाखवा. मग परीक्षा घ्या: एका फळीच्या फाइलमध्ये एक आकडा मुद्दाम बदला, सेव्ह करा, मुख्य फाइलमध्ये तो बदलतो का पाहा, आणि परत मूळ आकडा टाका. ही दोन मिनिटांची तपासणी मी कोणालाही सोडू देत नाही.

एक सोय लक्षात ठेवा. मुख्य फाइल आणि तिच्या लिंकच्या फाइल एकाच फोल्डरमध्ये असतील आणि ते अख्खं फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवलं, तर एक्सेल सहसा त्यांना शोधून घेतं. एक फाइल डेस्कटॉपवर, एक डी ड्राइव्हवर, एक पेन ड्राइव्हवर असा पसारा असला की तुटते.

दुसरा गपचूप धोका दोन कॉप्यांचा. वनड्राइव्हच्या डेस्कटॉपवर एक "उधारी" आणि जुन्या डेस्कटॉपवर दुसरी "उधारी". मालक एकीत लिहितो, मुलगा दुसरीत. पंधरा दिवसांनी दोन्ही अर्धवट. फाइल सापडल्याच्या आनंदात हे विसरू नका: कोणती कॉपी चालू ठेवायची ते त्याच दिवशी ठरवा आणि दुसरीच्या नावात "जुनी" लिहून ती वेगळ्या फोल्डरमध्ये टाका.

लिंका दुरुस्त करण्यापेक्षा जुना पत्ता द्या

दोनशे ठिकाणी पत्ता बदलण्यापेक्षा नवीन घरालाच जुना नंबर देता आला तर? बऱ्याच वेळा देता येतो.

जुन्या मशीनवर डी ड्राइव्ह होता, नवीनवर सगळं सी मध्येच आहे किंवा जुनी डिस्क जोडल्यावर तिला ई अक्षर मिळालं. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, त्या ड्राइव्हवर राइट क्लिक, "चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स", आणि डी द्या. डी आधीच पेन ड्राइव्हने किंवा डीव्हीडीने अडवलेला असेल तर आधी त्याला दुसरं अक्षर द्या. एवढ्यानेच डी वरचे सगळे शॉर्टकट आणि लिंका परत चालू होतात. सी ड्राइव्हचं अक्षर मात्र हलवू नका.

काउंटरचं मशीन आतल्या ऑफिसच्या मशीनवरचं शेअर केलेलं फोल्डर उघडत असेल, तर तो पत्ता त्या मशीनच्या नावाने सुरू होतो. नवीन मशीनचं नाव "डेस्कटॉप" आणि पुढे अगम्य अक्षरं असं असतं. सेटिंग्स, सिस्टिम, इथे "रीनेम धिस पीसी" करून जुन्या मशीनचंच नाव द्या. जुनं मशीन तोपर्यंत नेटवर्कवरून काढलेलं पाहिजे, एका नावाची दोन मशीनं चालत नाहीत. फोल्डर त्याच नावाने शेअर करा. विंडोज 11 प्रो च्या 24एच2 आवृत्तीपासून पासवर्ड नसलेलं शेअर सहज उघडत नाही. त्यामुळे नाव बरोबर असूनही अडलं तर शेअर करणाऱ्या मशीनवर पासवर्ड असलेला युजर तयार करा.

अक्षरांची खिचडी, आणि मराठी नावांची लांबी

फाइल सापडली, उघडली, आणि आत इंग्रजी अक्षरांची खिचडी? ती फाइल खराब नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं अर्ज आणि ठराव कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप झालेत. हे फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरांवर मराठीचा मुखवटा चढवतात. नवीन मशीनवर फॉन्ट नाही, मुखवटा उतरला. जुन्या डिस्कवर (किंवा विंडोज डॉट ओल्डमध्ये) विंडोज, फॉन्ट्स या फोल्डरमधून ती फॉन्टची फाइल घ्या, राइट क्लिक करून "इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स" करा. मजकूर जसाच्या तसा येतो. घाबरून नव्याने टाइप करायला बसू नका.

आता लांबी. विंडोजमध्ये पूर्ण पत्ता 260 अक्षरांच्या आत असावा ही जुनी मर्यादा आहे, आणि अनेक प्रोग्राम अजून ती पाळतात. एक्सेल तर 218 वरच अडतं. मराठी नावाची गंमत अशी की काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं. "चंद्रपूर" आपल्याला चार अक्षरं दिसतात, कॉम्प्युटर आठ मोजतो. "तेंदूपत्ता हंगाम" मधली मोकळी जागा धरून आपली आठ, त्याची 16. फोल्डरात फोल्डर, त्यात तालुका, त्यात गाव, त्यात वर्ष, आणि शेवटी फाइलचं नाव म्हणजे अख्खं वाक्य. जुन्या मशीनवर हे कसंबसं बसत होतं. नवीनवर मधे "वनड्राइव्ह" आणि लांब युजरनाव घुसलं आणि मर्यादा ओलांडली. मग फाइल दिसते पण उघडत नाही, किंवा कॉपी करताना "स्किप" विचारतं आणि आपण स्किप दाबून पुढे जातो. स्किप केलेली फाइल मागेच राहिली, हे लक्षात ठेवा.

मराठी नावं देऊ नका असं मी म्हणत नाही, बिनधास्त द्या. फक्त कामाचं फोल्डर युजर फोल्डरच्या आत खोल ठेवण्यापेक्षा डी ड्राइव्हवर सरळ "दुकान" किंवा "ग्रामसभा" असं ठेवा. पत्ता लहान होतो आणि पुढच्या वेळी मशीन बदललं तरी युजरनावाशी त्याचा संबंध राहत नाही. जास्त लांब झालेली फाइल अडलीच, तर वरच्या फोल्डरांची नावं एक-दोन अक्षरांची करा, फाइल उघडायला लागते.

जुनी डिस्क जोडताना

सगळं करूनही सापडलं नाही तर जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून नवीन मशीनला जोडा. युजर्समधल्या जुन्या नावावर क्लिक केलं की "तुम्हाला परवानगी नाही" म्हणेल, "कंटिन्यू" दाबा आणि थांबा, फाइल जास्त असतील तर वेळ लागतो. नावाने शोधायचं असेल तर "एव्हरीथिंग" नावाचं फुकट सॉफ्टवेअर नवीन मशीनवर टाका, ते पूर्ण ड्राइव्ह काही सेकंदांत चाळतं. स्टार्टमधला सर्च नेहमीच्या सेटिंगला सगळे ड्राइव्ह बघत नाही. तिथे "नॉट फाउंड" आलं म्हणून निराश होऊ नका.

डिस्कने 48 आकडी रिकव्हरी की मागितली तर ती बिटलॉकरने कुलूपबंद आहे. ती की जुन्या मशीनवर ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं होतं त्या अकाउंटच्या पानावर, डिव्हाइसच्या यादीत मिळते. की नसेल तर कोणताही रिपेअरवाला ती डिस्क उघडू शकत नाही, "दोन हजार द्या, काढून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. म्हणून जुनं मशीन अजून चालू होत असेल, तर आजच त्यावर बिटलॉकर चालू आहे का पाहा. चालू असेल तर कीची प्रिंट काढून दुकानाच्या लायसन्सच्या फाइलमध्ये लावून ठेवा.